चौथी चौकट मी मुद्दाम कोरी ठेवतो

सर, मी विज्ञान शिकवायला डिजिटल कॉमिक वापरतो, त्यावरची तुमची कमेंट दोनदा वाचली. मोबाईलवरचं कॉमिक बघून पोरं हसतात, डोक्यात काही राहत नाही आणि विज्ञानाचा नुसता खेळ होतो, असं तुमचं म्हणणं. यातलं अर्धं मला मान्यच आहे. इलेक्ट्रॉनला डोळे-तोंड काढून तारेतून पळवलं की मुलांना वाटतं बटण दाबल्यावर तो धावत बल्बपर्यंत जातो, आणि खरं तर बॅटरीच्या सर्किटमध्ये तो सेकंदाला जेमतेम मिलिमीटरभर, बऱ्याचदा त्याहूनही कमी सरकतो, बल्ब लगेच लागतो कारण तारेतले सगळेच इलेक्ट्रॉन जवळपास एकदम सरकायला लागतात. मी पण आधी तसली चित्रं वापरली, आता नाही वापरत. शिकण्याच्या मानसशास्त्राचे अभ्यासक रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतही हेच दिसलंय, उगाच घातलेली रंजक भर शिकण्याच्या आड येते.

पण चंद्राच्या कलांचं घ्या. तीन चौकटींत सूर्य, पृथ्वी, चंद्र कुठे आहेत ते दाखवायचं आणि चौथीत चंद्र कसा दिसेल ते मुलांनीच काढायचं. माझ्या वर्गात निम्म्याहून जास्त मुलांनी चंद्रावर पृथ्वीची सावली काढली! पुस्तकातला धडा वाचून, प्रश्नोत्तरं पाठ करूनसुद्धा. कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात ही चुकीची समजूत त्या कोऱ्या चौकटीमुळे माझ्यासमोर आली, एरवी ती कधी कळलीच नसती. पुढच्या चौकटीत दुपारचं आकाश होतं, एकीकडे सूर्य आणि दुसरीकडे अर्धा चंद्र, ते बघून एक मुलगी टॅबवर बोट ठेवून म्हणाली, सावली तर गोल पडते ना, मग ही कड सरळ कशी? त्यानंतर मला फार काही बोलावंच लागलं नाही.

आणि डिजिटलच का, तर पुस्तकातल्या आकृतीत चंद्र पृथ्वीला चिकटून असतो, पानावर जागाच नसते. अंतर सरासरी ३,८४,४०० किमी, म्हणजे मध्ये साधारण ३० पृथ्व्या मावतील. स्क्रोल करताना पृथ्वी वर गेली की काळा स्क्रीन, अजून काळा, अजून काळा, बोट दुखायला लागतं तेव्हा कुठे खाली छोटा चंद्र येतो. हे अंतर बोटाला कळतं सर.

गणितं सोडवणं, प्रयोग करणं, धडा वाचणं यातलं काहीच मी बंद केलेलं नाही, करणारही नाही. तुमच्या वर्गात एकदा चंद्राचंच करून बघा, चौथी चौकट कोरी ठेवून, आणि किती जणांनी सावली काढली ते मला नक्की कळवा.