अ-कारण ब-दल

आमच्या सोसायटीत दोन इमारती आहेत आणि मंजूर नकाशात जिला ‘अ’ म्हटले आहे तिलाच आम्ही गेली अनेक वर्षे ‘ब’ म्हणत आलो, हा शोध यंदाच्या सर्वसाधारण सभेत लागला. सभासदांच्या यादीतील अ आणि ब यांची अदलाबदल करण्याचे काम सचिवांनी, ‘‘तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम,’’ असे म्हणून माझ्या गळ्यात घातले. सभासदांच्या एकूण ८४ ओळी होत्या आणि प्रत्येक ओळ ‘अ-३०२, बाबूराव’ अशा थाटाची होती. लाल पेन घेऊन बसलो असतो तर तासाभरात मोकळा झालो असतो; पण पायथन ही संगणकाची भाषा नुकतीच शिकलेल्या माणसाच्या हाती पेन शोभत नाही.

पहिल्या प्रयत्नात मी रिप्लेस लिहून अ चा ब करण्याची आज्ञा दिली. आज्ञा निमूटपणे पाळली गेली आणि यादी जशीच्या तशी राहिली. पायथनमधील स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, एकदा जन्मली की बदलत नाही; रिप्लेस दुरुस्त केलेली नवी प्रत काढून तुमच्या हाती ठेवते, आणि ती प्रत तुम्ही कुठल्या नावाखाली जपून ठेवली नाहीत तर ती हवेत विरते. मग थेट पहिल्या अक्षरावरच हात टाकावा म्हणून ज्या नावाखाली ओळ ठेवली होती त्या ‘ओळ’ नावाच्या चलाच्या शून्याव्या (पायथनची मोजणी शून्यापासून सुरू होते) जागी ब भरू पाहिला. चलाला मराठी नाव दिलेले पायथन ३ ला चालते, मात्र चौकटी कंसातले शून्य मराठीत लिहिलेले चालत नाही. ते इंग्रजी केल्यावर टाइपएरर आला, म्हणजे स्ट्रिंगमधले अक्षर असे बदलता येत नाही अशी तक्रार. वास्तविक मराठी शून्य न चालणारी हीच भाषा ‘३०२’ हा मजकूर, मजकुराचा आकडा करणाऱ्या इंट या फंक्शनला दिला तर निमूट तीनशे दोन समजते. हा पंक्तिप्रपंच कशासाठी, ते तिलाच ठाऊक.

दुसऱ्या प्रयत्नात नवी प्रत जपली. आधी अ चा ब केला, मग ब चा अ केला. पहिल्या पायरीवर झाडून सगळे सभासद ब मध्ये राहायला गेले, दुसऱ्या पायरीवर तेच ८४ जण सामानसुमानासह अ मध्ये आले, आणि एक अख्खी इमारत ओस पडली. शिवाय रिप्लेसला सदनिका कोणती आणि सभासद कोण यातला फरक कळत नसल्यामुळे बाबूरावांच्या नावातले दोन्ही ब गेले व त्यांच्या जागी दोन अ येऊन बसले. त्यांना चिकटलेले काना आणि दीर्घ उकार पडद्यावर अनाथासारखे लोंबकळत होते.

दोन पातेल्यांतला चहा आणि दूध यांची अदलाबदल करायला तिसरे पातेले लागते, हे स्वयंपाकघरातले ज्ञान मला रात्री अकरा वाजता आठवले. पायथनमध्ये मात्र त्याहून बरी सोय आहे: मेकट्रान्सने कोणत्या अक्षराजागी कोणते घालायचे याचा एक तक्ता बनवायचा आणि ट्रान्सलेटच्या हाती द्यायचा. ट्रान्सलेट मूळ ओळीतले एकेक अक्षर एकदाच पाहते, त्यामुळे बदललेले अक्षर पुन्हा बदलले जात नाही. इमारती बिनचूक बदलल्या. मात्र अनिलचे बनिल झाले, अशोकचे बशोक झाले, आणि अंबादासांमध्ये तर अ ने ब ची व ब ने अ ची जागा घेतल्यामुळे ते उच्चारापलीकडे गेले. आनंदराव तेवढे सुखरूप राहिले, कारण संगणकाच्या लेखी अ हा २३०९ क्रमांकाचा आणि आ हा २३१० क्रमांकाचा, म्हणजे शेजारी असले तरी त्यांची घरे वेगळी. (आमच्या सोसायटीत शेजाऱ्यांना इतके स्पष्टपणे वेगळे ठेवता आले असते तर निम्म्या सभा वाचल्या असत्या.)

अखेरीस एक वाजता सुचायला हवे होते ते सुचले. प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर सुटे काढायचे, ते अ किंवा ब असेल तर तक्त्यातला त्याचा जोडीदार घ्यायचा, आणि उरलेली ओळ तशीच पुढे जोडायची. अनिल पुन्हा अनिल झाले, बाबूरावांना त्यांचे ब परत मिळाले आणि यादी मी त्याच तंद्रीत सचिवांना पाठवून दिली.

सकाळी ती सूचनाफलकावर लागलेली होती आणि तिच्यापुढे घोळका जमला होता. यादीची पहिली ओळ कोणत्याही सदनिकेची नव्हती, शीर्षकाची होती, हे मी विसरलो होतो. वर ठळक अक्षरांत छापले होते: ‘बद्ययावत सभासद यादी’. मी पहारेकऱ्याकडून पेन मागून घेतले, ब वर काट मारली आणि वर अ लिहिला.