कोणत्या गाडीचं?

शाळेच्या उन्हाळी शिबिरात मुलांनी प्लायवुडचा रोबोटिक हात केला. खांदा, कोपर, मनगट, सगळं जमलं. अडलं कमरेत. हात गोल फिरायचा आणि सगळ्या वायरी कमरेतूनच वर जायच्या, म्हणून 100 मिलिमीटर भोकाचं बेअरिंग हवं होतं. भौतिकशास्त्र मी शिकवते, तेव्हा मे महिन्याच्या भर दुपारी नागपूरच्या इतवारी बाजारात निघाले मीच. स्कूटर चालवायला हे.

पहिल्या दुकानदाराने माझ्याकडे न बघता ह्यांना विचारलं, "बोला साहेब, कोणत्या गाडीचं?"

हे विमा कंपनीत आहेत. सायकलची चेन उतरली तर रिक्षा करतात. "हिला विचारा," म्हणाले.

"रोबोचं आहे," मी म्हणाले.

"नवीन मॉडेल आहे का? डिझेल?"

पाहुण्याने गाव सांगितल्याशिवाय आपण जसं त्याला पाणी देऊनही ओळख धरत नाही, तसं गाडी सांगितल्याशिवाय बेअरिंगला या बाजारात ओळख नाही. खरं तर नंबर पुरतो. 6204 मधले शेवटचे 04 पाचाने गुणायचे, भोक 20 मिलिमीटर. (10, 12, 15, 17 मिलिमीटरच्या भोकांचे लाड वेगळे.) मला हवं होतं 6820: आतून 100, बाहेरून 125, जाडी 13. जवळजवळ बांगडीच. त्याने कागदातून सोडून काउंटरवर ठेवलं 6220. भोक तेच, पण बाहेरून 180, जाडी 34 आणि वजन तीन किलोच्या वर. आमचा अख्खा हात दीड किलोचा.

"घेऊन जा ताई, जिंदगीभर हलणार नाही."

तीच तर भीती होती.

तिसऱ्या दुकानात मी सरळ खोटं बोलले. "ट्रॅक्टरचं आहे." लगेच प्रश्न आला, "किती एचपीचा?" खोटं बोलायलाही अभ्यास लागतो.

पुढे एका हार्डवेअरवाल्याने जेवणाच्या फिरत्या टेबलाखालची चकती दाखवली. हलवली तर खुळखुळा. अर्धा सूत खेळ होता तिच्यात. वरणाचं पातेलं फिरवायला ठीक, पण दीडशे मिलिमीटरच्या चकतीवर सहाशेचा हात उभा केला की तोच खेळ टोकाला चौपट होतो. हात चेंडू उचलायला जाणार आणि पाहुण्यांचा चष्मा उचलणार. ऑनलाइन मिळत होतं. समारोप शुक्रवारी, डिलिव्हरी पुढच्या बुधवारी.

शेवटी हिंगणा एमआयडीसीतले एक लेथवाले काका. त्यांनी गाडी विचारलीच नाही. "वजन किती येते त्याच्यावर? दिवसाच्या चकरा किती?" मी सांगितलं. "मग बेअरिंग कायले पाहिजे जी? नायलॉनचा बुश काढून देतो." बुश म्हणजे गोळ्यांशिवायची नुसती कडी. पांढऱ्या कुरळ्या शेवया पायाशी पडत गेल्या. मध्येच मशीन थांबवून त्यांनी विचारलं, "थोडा ढिला ठेवू का?"

"नको," मी म्हणाले. "प्रिसिजन पाहिजे."

काकांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं. "बरं मॅडम."

समारोपाला हात असा फिरला की टाळ्या थांबेनात. हे तर शेजारच्या पालकांना सांगत होते, "आम्हीच आणला बुश."

जुलैत, चार दिवस झड लागलेली असताना, आठवीचा एक मुलगा स्टाफरूमच्या दारात आला. "मॅडम, हात आखडला."

नायलॉन हवेतली ओल पितं आणि फुगतं. बाहेरून ॲल्युमिनियमची रिंग, तिकडे जागा नाही, म्हणून ते आत फुगलं आणि कमरेला घट्ट धरून बसलं. मे महिन्यातल्या कोरड्या ठणठणीत नागपुरात घेतलेलं माझं प्रिसिजन आषाढात पुरलं नाही. ही गोष्ट मी अकरावीला शिकवत नाही. शिकवायला हवी.

बुश पिशवीत टाकून पुन्हा हिंगण्याला. काकांनी आतून बोट फिरवलं आणि काही न बोलता चकमध्ये धरला. अर्धा मिलिमीटर उतरवला, फुंकर मारली, माझ्या हातात दिला.

"बाकी गाडी बरी चालते ना?"