सील फोडता येणार नाही म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. ज्यांना "एवढं काय त्यात" वाटेल त्यांनी इथूनच खाली सरकावं, राग नाही.

जुन्या रेकॉर्डच्या दुकानात गेले होते. सेकंडहँड दुकान. म्हणजे कुणीतरी ऐकून ऐकून झिजवलेल्या, घर बदलताना काढून टाकलेल्या, आजोबा गेल्यावर नातवंडांनी खोक्यात भरून आणून दिलेल्या रेकॉर्ड. आणि तिथे एकूण एक रेकॉर्ड प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळून चिकटवलेली. वापरलेल्या रेकॉर्ड, बरं का! मी म्हटलं, आतली तबकडी जरा बघू द्या. काउंटरवरचा मुलगा मान वर न करता म्हणाला, "सील फोडता येणार नाही मॅडम. कंडिशन वर लिहिली आहे."

कुणी लिहिली? त्यानेच. तबकडी उजेडात तिरकी धरून बघितली होती का? लेबलच्या भोकाभोवती प्लेअरच्या मधल्या खिळ्याने उमटलेल्या बारीक रेषा बघितल्या का, ज्यावरून ती किती वेळा लावली गेली ते कळतं? आडवा ओरखडा नखाला लागतो की नुसता दिसतो, हे बघितलं का? दिसणारा ओरखडा पुष्कळदा वाजतच नाही. नखाला लागणारा मात्र एलपीवर (लाँग प्ले, म्हणजे मोठी तबकडी) प्रत्येक फेऱ्याला, दर १.८ सेकंदाला टक्, टक्, टक् करत डोक्यात खिळा ठोकतो. हे सगळं पाकिटावरच्या चिकटपट्टीवर "व्हेरी गुड प्लस" असा दर्जाचा शेरा लिहून भागतं होय?

वर तो मुलगा विचारतो काय, तर "गिफ्ट द्यायचंय का कुणाला?" बाई रेकॉर्ड शोधायला आली म्हणजे नवऱ्याच्या वाढदिवसासाठीच आली असणार! जाऊ दे, त्यावर वेगळी पोस्ट होईल.

शेजारच्या रांगेत एक गृहस्थ मोबाईल घेऊन उभे. पाकीट अर्धं वर ओढायचं, मागचा बारकोड मोबाईलला दाखवायचा, किंमत बघायची, आपटून खाली. पुढचं. बारकोड नसेल तर सरळ पुढे. अहो, एलपी आली १९४८ साली आणि बारकोड पाकिटांवर दिसायला लागले १९८० च्या आसपास! मधली तीस वर्षं या माणसाच्या लेखी जगात गाणंच झालं नाही. आणि जे खरोखर परत कधी छापलं गेलं नाही, ते तर बहुतेक त्याच तीस वर्षांत पडलंय.

आता मला इतकं का लागलं ते सांगते. काहींनी हे माझ्या तोंडून ऐकलंय, पुन्हा ऐका.

माझ्याकडे एक डबल अल्बम होता. नाव सांगणार नाही, कारण नाव सांगितलं की शोधणारे वाढतात. अल्बम कधीच बाजारातून गेलेला, ना सीडी निघाली, ना मोबाईलवर आहे. माझ्या पाकिटात दोनऐवजी एकच तबकडी होती, आणि तिच्यावर एका अंगाला बाजू १, दुसऱ्या अंगाला बाजू ४. नव्या माणसाला वाटेल छपाईची चूक. चूक नाही. त्या काळी घरोघरी रेकॉर्ड चेंजर असायचे. मधल्या उंच खिळ्यावर तबकड्या एकावर एक चढवायच्या, एक संपली की वरची आपोआप खाली पडायची. म्हणून डबल अल्बममध्ये पुष्कळदा एका तबकडीवर १ आणि ४, दुसरीवर २ आणि ३ छापत. १ वाजली, वरून २ पडली, मग अख्खी चळत उलटी करायची की ३ आणि ४ ओळीने. उठायचं एकदाच.

तर माझ्याकडे १ आणि ४. सुरुवात आहे, शेवट आहे, मधली चाळीसेक मिनिटं गायब. पहिली बाजू ज्या सुरावर संपते तिथून पुढे काय झालं असेल, याचा विचार मी कितीतरी वर्षं केलाय. हसू नका. चौथ्या बाजूवर मध्येच एक धून येते, ती आधी कुठेतरी येऊन गेली असणार हे कळतं, आणि ती कुठे आली ते मला माहीत नाही! सव्वीसाव्या पानावरून थेट ऐंशीव्या पानावर गेलेली कादंबरी वाचल्यासारखं.

"सगळं तर मोबाईलवर मिळतं" म्हणणाऱ्यांसाठी इथे थांबते. नाही मिळत. डी ला सोल या अमेरिकी गटाचे १९८९ पासूनचे गाजलेले अल्बम स्ट्रीमिंगवर यायला २०२३ साल उजाडलं. का? तर त्यांच्या गाण्यांत दुसऱ्यांच्या रेकॉर्डचे तुकडे वापरलेले, आणि जुन्या करारांत डिजिटलचा उल्लेखच नाही. ही झाली जगप्रसिद्ध माणसं. ज्यांची कंपनीच बुडाली, हक्क कुणाकडे गेले तेच सापडत नाही, मूळ टेप कुठल्यातरी गोदामात सडली, त्यांचं कोण बघणार? २००८ मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओत आग लागली. तिथे मूळ टेप किती मोठ्या प्रमाणावर ठेवलेल्या होत्या ते जगाला कळलं २०१९ मध्ये, आणि नेमक्या किती जळाल्या यावर वाद आहेच. टेप गेली की उरतात त्या लोकांच्या घरातल्या तबकड्या. उरलेला पुरावा तोच. आणि तोच तुम्ही प्लॅस्टिकमध्ये कोंडून वर चिकटपट्टी मारताय.

(मीही मोबाईलवर ऐकते. रोज ऐकते. पुढे चला.)

हां, तर दुसरी तबकडी. एका दुकानात रॅकच्या खाली, जमिनीवर, कुणी हात लावत नाही अशा ढिगाऱ्यात बसले होते. गुडघ्यांना धूळ, बोटं काळी. घरबसल्या बॉलरूम नाच शिकवणारी एक रेकॉर्ड हाती आली. अशा रेकॉर्ड एकेकाळी ढिगांनी निघायच्या, पाकिटावर बुटांचे ठसे आणि बाण काढलेले, डावा पाय इथे, उजवा तिथे. कुत्रं विचारत नाही त्यांना. पण माझी सवय अशी की पाकीट कसलंही असो, तबकडी बाहेर काढायचीच. काढली. लेबलचा रंग वेगळा. माझ्या ओळखीचा. त्यावर "बाजू २". उलटी केली. "बाजू ३".

मग मी ती खिडकीशी नेली. शेवटचं गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते ना, तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे ती बाजू कुठल्या मूळ साच्यावरून छापली त्याचा नंबर, कोरलेला असतो, कधी ठसा मारून, कधी सरळ हाताने. मूळ तबकडीवर गाण्याच्या खाचा कापणारे इंजिनिअर तिथे सह्याही ठोकायचे. जॉर्ज पेकम नावाचा इंग्रज "अ पोर्की प्राइम कट" असं कोरायचा, ते बघून लोक आजही रेकॉर्ड घेतात. माझ्या तबकडीवरचा नंबर मला पाठ होता. इथे तोच नंबर, फक्त शेवटचा आकडा वेगळा, आणि तसंच तिरकं, घाईतलं अक्षर. त्या माणसाने चारही बाजू एकाच बैठकीत कापल्या असणार असं मी मनाशी ठरवून टाकलं. माझा हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू.

आता सांगा, हे पाकीट सीलबंद असतं तर? मोबाईलवाल्या गृहस्थांनी ते उचललं तरी असतं का? उचलून बारकोड नाही म्हणून आपटलं असतं. आणि दुकानदाराच्या कॉम्प्युटरने काय सांगितलं असतं? "नाच शिका, मागणी नाही." आत काय आहे हे ना कॉम्प्युटरला माहीत, ना बारकोडला. ज्याने तबकडी बाहेर काढली त्यालाच ते कळलं. माझं म्हणणं एवढंच आहे हो. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात तबकडी बाहेर काढून बघू दिलीच पाहिजे. द्यायचं नसेल तर पोस्टर विका.

बरं, लोक तबकड्यांची अदलाबदल करून नेतात, तेलकट बोटं लावतात, हे खरं आहे. मग दुकानदाराने स्वतः काढून दाखवावी. कडेला आणि लेबलला धरून, दोन तळव्यांत. एवढंही येत नसेल तर हा धंदा करू नये.

आणि दुकानदार ज्यावरून भाव बघतात ती डिस्कॉग्ज, इंटरनेटवरची रेकॉर्डची यादी, वाईट आहे असं मी म्हणत नाही. २००० साली सुरू झालेली ही यादी हजारो वेड्या माणसांनी एकेक रेकॉर्ड समोर ठेवून भरली आहे. कुठल्या कंपनीने कुठल्या देशात कुठलं लेबल लावलं, पहिली छपाई कुठली, नंतरची कुठली, सगळं तिथे. माझा नंबर मी तिथेच ताडून पाहिला होता. पण लोकांनी हौसेनं भरलेल्या यादीतला सगळ्यात वरचा भाव उचलून प्रत्येक फाटक्या प्रतीला चिकटवायचा, हा काय प्रकार? तो भाव कुठल्यातरी चकचकीत प्रतीला एकदा मिळालेला असतो. इथे पाकिटाची कड कुरतडलेली, आतलं कागदी पाकीट गायब, आणि भाव मात्र तोच.

त्यात ही प्लॅस्टिकं! नीट प्लॅस्टिक असेल तर ठीक. मऊ पीव्हीसीचं पाकीट तबकडीशेजारी वर्षानुवर्षं राहिलं तर पृष्ठभागावर पांढुरकं धुकं उठतं, कितीही धुवा, जात नाही, आणि वाजताना खरखर. काळजी घेतल्याचं दाखवायचं आणि आतली रेकॉर्ड मारायची.

जरा दमले. वरचं वाचून पाहिलं, त्या मोबाईलवाल्या माणसाला मी फारच झोडपलंय. चार रेकॉर्ड इथून घेऊन तिथे विकत असेल, त्यावर घरखर्च चालत असेल. त्याच्या पायाशी पिशवी होती, तिच्यात तबकड्या उभ्याच ठेवल्या होत्या, आडव्या रचल्या नव्हत्या. एवढी समज आहे म्हणजे कधीतरी ऐकत असेल तोही. निघताना त्याला म्हणावंसं वाटलं, खालचा ढीगही बघा. म्हटलं नाही. तो ढीग मलाच बघायचा होता. पण सगळाच सीलबंद.

तर काका. ज्यांच्या दुकानात मला बाजू २ आणि ३ मिळाल्या ते काका. मी प्रामाणिकपणे सांगितलं, काका, आत दुसरीच तबकडी आहे, आणि ही दुर्मिळ आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, लेबल वाचलं, तबकडी पाकिटात परत सरकवली आणि म्हणाले, "ताई, मी पाकिटावरचं नाव वाचून पैसे घेतो. आत काय निघालं ते तुमचं नशीब." नाचाच्या रेकॉर्डचा भाव घेतला. मी जास्त देऊ केले तर रागावले. वर म्हणाले, "घरी जाऊन आधी ऐका, नंतर जोडी लावा." हा माणूस दिवसभर दुकानात रेकॉर्ड लावून बसायचा आणि गिऱ्हाईक आलं तरी बाजू संपल्याशिवाय उठायचा नाही. आमच्यातल्या कित्येकांना असल्या माणसांनी ऐकायला शिकवलंय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

घरी आले, आणि आधी दुसरी लावली नाही. पहिली लावली, ती संपू दिली, मग दुसरी. ती धून तिसऱ्या बाजूवर आहे. अगदी सुरुवातीला, फक्त चार-पाच सेकंद, एकट्या क्लॅरिनेटवर.

राहिलं ते नाचाचं रिकामं पाकीट. ते मी टाकलं नाही. माझी तबकडी त्यात होती म्हणजे त्याची तबकडी दुसऱ्या कशात तरी असणार. कुणाच्या तरी घरी मेजवानी झाली असेल, चेंजरवरची चळत उतरवून रात्री उशिरा हाताला येईल त्या पाकिटात तबकड्या कोंबल्या असतील. ती नाचाची तबकडी आता भलत्याच अल्बमचं नाव लावून कुठेतरी सीलबंद बसली असेल, वर चिकटपट्टी, "व्हेरी गुड प्लस". घेणारा घरी जाऊन फोडेल आणि आतून निघेल डावा पाय पुढे, उजवा मागे. आणि परत करायला गेला तर? "सील फोडलंय, परत घेता येणार नाही."

असो. माळ्यावर जुन्या रेकॉर्ड असतील तर किलोवर देण्याआधी एकेक तबकडी काढून पाकिटाशी ताडून बघा. काकांचं दुकान कुठे आहे हे कमेंटमध्ये विचारू नका, सांगणार नाही. अल्बमचं नाव तर मुळीच नाही. बॉलरूमची बिनपाकिटाची तबकडी कुणाकडे निघाली तर मात्र लेबलचा आणि मॅट्रिक्स नंबरचा फोटो इनबॉक्समध्ये टाका, रात्री दोन वाजता टाकला तरी चालेल.