‘दहाच्या आत कामगार, भरपाई माफ’: उद्यमबागेत फिरणारा मेसेज खोटा आहे

बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे औद्योगिक भागातल्या शेडमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर ‘छोट्या उद्योजकांसाठी खुशखबर’ म्हणून एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: दहापेक्षा कमी कामगार असतील तर अपघात भरपाई लागू नाही, विमा सक्तीचा नाही, रोजंदारीवाला किंवा कंत्राटी माणूस तुमचा नव्हेच, चूक कामगाराची असेल तर एक रुपयाही देणं लागत नाही. आणि शंभराच्या बाँडवर ‘भरपाई मागणार नाही’ अशी सही घेऊन ठेवा, विषय संपला. असल्या मेसेजना मी एरवी हात लावत नाही. पण माझ्या धाकट्या मेहुण्याकडे पॉवर प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारी मशीनं, आहेत, आणि त्याने खानापूरकडच्या दोन पोरांच्या सह्या खरंच घेतल्या. म्हणून हा खटाटोप.

आधी त्या बाँडचंच. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं (त्याची जागा आता नव्या संहितेने घेतलीय, ते पुढे येईलच) कलम 17 सरळ सांगत होतं की कामगाराने भरपाईचा हक्क सोडला किंवा कमी करून घेतला असा कुठलाही करार त्या बाबतीत रद्दबातल. शंभराचा असो की पाचशेचा, नोटरी केलेला असो की पंचांसमोर लिहिलेला. वर गंमत अशी की त्या कागदावर पोराचं नाव, त्याचं काम आणि मालकाची सही असते. म्हणजे ‘हा माझा माणूसच नव्हे’ म्हणायची सोयही मालकाने स्वतःच्या हाताने घालवली! माणूस मेल्यावर घरच्यांच्या हातावर पैसे ठेवून ‘मिटवलं’ म्हणणारेही आहेत. मृत्यूची भरपाई त्यासाठी नेमलेल्या सरकारी अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. परस्पर दिलेली रक्कम, तीन महिन्यांच्या पगारापर्यंतची उचल सोडली, तर भरपाई म्हणून धरली जात नाही.

‘रोजंदारीवाला तुमचा नव्हे’ आणि ‘चूक त्याचीच’ ही दोन्ही अस्त्रं जुनी आहेत. 1968 साली ओडिशात एका सिनेमागृहात नक्षीकाम करणारा सुतार पडला, डावा हात कोपरापासून कापावा लागला. त्याने नोटीस दिली. मालकाने उत्तर धाडलं: हा तात्पुरता कंत्राटदार आहे आणि अपघात त्याच्याच हलगर्जीपणामुळे झाला. मेसेज लिहिणाऱ्याने जणू तिथूनच उतरवून घेतलंय. प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता या नावाने हे प्रकरण 1975 मध्ये सुप्रीम कोर्टात निकाली निघालं. कोर्ट म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईची क्षमता शंभर टक्के गेली. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होती, म्हणून व्याज आणि पन्नास टक्के दंडही कायम.

आता प्रेसचा हिशेब मांडा. तीस वर्षांचा कामगार, पगार 15,000. एका हाताची चार बोटं गेली तर कायद्याच्या परिशिष्टात कमाईच्या क्षमतेची 50 टक्के हानी. 15,000 चे 60 टक्के म्हणजे 9,000, गुणिले कायद्याने त्या वयासाठी ठरवलेला गुणांक 207.98, त्याचे निम्मे: 9,35,910 रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर दंड.

कामगाराच्या चुकीची सूट आहे, पण ती दारू प्यालेला असणं, सुरक्षेचा हुकूम मुद्दाम मोडणं किंवा मशीनचा गार्ड जाणूनबुजून काढणं एवढ्यापुरतीच. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तीही नाही. आणि उत्पादन वाढावं म्हणून गार्ड कोण काढायला लावतं, हे आपल्याला ठाऊक नाही का?

दहाचा आकडा ईएसआयचा, म्हणजे सरकारच्या कामगार राज्य विमा योजनेचा आहे. विजेवर मशीन चालणाऱ्या कारखान्याला भरपाई कायद्यात असा किमान आकडा नव्हताच. ईएसआय लागू असेल तर भरपाईचा भार तिकडे जातो; दहाच्या आत असाल तर तो तुमच्या डोक्यावर. म्हणजे मेसेज नेमका उलटा.

कुणीतरी खाली लिहिलंय, ‘हे महाराष्ट्राचं, कर्नाटकात चालत नाही.’ सीमाप्रश्न 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे, मान्य. पण हा कायदा केंद्राचा होता, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात तोच आणि मच्छेतही तोच. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी केंद्राचीच सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही मालकाची ही जबाबदारी तशीच आहे. वर्षाला वीस रुपये हप्त्याचा सरकारी अपघात विमा हा कामगाराचा स्वतःचा. त्याने मालकाचं देणं एका पैशाने कमी होत नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो: 1923 च्या कायद्यात विमा काढणं सक्तीचं नव्हतं. सक्ती होती भरपाईची. खिशात नऊ लाख तयार असतील त्याने खुशाल काढू नये. बाकीच्यांनी कर्मचारी भरपाई पॉलिसी घेताना कामगारांची संख्या आणि पगार खरे लिहावेत, ठेकेदाराची माणसंही धरावीत, आणि औषधोपचाराचा खर्च तीत आहे का हे एजंटाकडून लेखी घ्यावं. पैसे द्यायला उशीर केल्याचा दंड मात्र विम्यावर ढकलता येत नाही; वाहन विम्याच्या एका प्रकरणात 1997 मध्येच सुप्रीम कोर्टाने तो मालकाच्या माथी ठेवलाय.