पगाराचा आकडा लिहायला काय होतं?

सामाजिक संस्थेची जाहिरात उघडा. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातलं पदव्युत्तर शिक्षण हवं, तीन वर्षांचा अनुभव हवा, मराठी-हिंदी-इंग्रजी हवं, एक्सेल हवं, स्वतःची दुचाकी आणि लायसन्स हवं. आणि पगार? ‘संस्थेच्या नियमानुसार’! कुठले नियम? मग सांगा की! उलट गुगल फॉर्ममध्ये सध्याचा पगार भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.

सीव्ही जोडायचा, वर तीच माहिती रकान्यांत पुन्हा टाइप करायची. दोन संदर्भांचे फोन नंबर मुलाखतीआधीच कशाला? मग ‘छोटी असाइनमेंट’: पाच पानी प्रकल्प प्रस्ताव, बजेटसह, दोन दिवसांत. फुकट! त्यानंतर नकाराचा एका ओळीचा मेलसुद्धा नाही.

निवड झालीच तर करार अकरा महिन्यांचा, पेट्रोलचे पैसे बिलं मंजूर झाल्यावर. कारण विचारलं की ‘निधीवर मर्यादा आहे’. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याच्या 2020 च्या दुरुस्तीने परकीय निधीतल्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आणली, मान्य. पण संस्थेच्या शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार त्या खर्चात धरतच नाहीत. मग त्याच्या जाहिरातीतला आकडा कोणी अडवला? देणगीदाराला पाठवलेल्या बजेटमध्ये त्या पदासमोर तो लिहिलेला असतोच. तोच जाहिरातीत छापा!