सी म्हणजे कॉपी

सोमवारी सकाळी ऑफिसात आलो, कूलरमध्ये दोन बादल्या पाणी ओतलं, मशीन चालू केलं, तर पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मी सवयीनं बटनाकडे हात नेला तोच मागून आमची ज्युनियर ओरडली, "काका, बंद नका करू! कॅडचं नवीन व्हर्जन येऊन राहिलं."

येऊन राहिलं म्हणजे पाहुणाच. नागपुरात मे महिन्यात न सांगता पाहुणा येतो तेव्हा घरच्या बाईच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते त्या वेळी माझ्या चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण पोरगी लगेच म्हणाली, "घाबरू नका, सोपं आहे."

मी ड्राफ्ट्समन आहे. धंतोलीतल्या एका आर्किटेक्टकडे एकवीस वर्षं बसतो. सर विचार करतात आणि मी रेघा मारतो, अशी आमची वाटणी आहे. पैकी माझं काम दिसतं.

कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, मला येतं असं लोक म्हणतात, पण खरं सांगायचं तर ते माझ्या डाव्या हाताला येतं. काका, भिंत कशी काढता, असं कोणी विचारलं तर मला तोंडानं सांगता येत नाही. टेबलावर हात ठेवून बोटं हलवून बघावी लागतात, मग कळतं. ओ, स्पेस, २३०, स्पेस, क्लिक. झाली २३० मिलिमीटरची, म्हणजे नऊ इंची भिंत. ओ म्हणजे रेघेला समांतर दुसरी रेघ, एल म्हणजे रेघ, टीआर म्हणजे ट्रिम, जादा रेघ कापणं, एम म्हणजे सरकवणं. अंगठा कायम स्पेसबारवर, कारण आमचा एंटर तोच.

आणि सी म्हणजे कॉपी.

हे जरा समजावून सांगावं लागेल. कारखान्यातून कॅड येतं तेव्हा त्यात सी म्हणजे सर्कल असतं, आणि कॉपीला सीओ लिहावं लागतं. पण बंगल्याच्या नकाशात गोल असतात किती? पाण्याची टाकी, मॅनहोल, एखादा हौशी खांब. दिवसाला गोल तीन आणि कॉपी तीनशे. म्हणून फार वर्षांपूर्वी आमच्या एका सीनियरनं शॉर्टकटची फाइल उघडून सी कॉपीला देऊन टाकला आणि सर्कलची बदली दोन अक्षरांवर केली. ती फाइल तेव्हापासून एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर वारसाहक्कानं चालत आलेली. सीनियर रिटायर झाले, फाइल नाही झाली.

पट्टी संपली. आमचं आधीचं व्हर्जन दहा-बारा वर्षांचं होतं, त्यामुळे मधल्या सगळ्या पिढ्या एकदमच माझ्या अंगावर आल्या. काळाभोर पडदा होता तो आता पावसाळी ढगासारखा झाला होता. 'नवीन काय आहे' म्हणून एक खिडकी उघडली. ती मी बंद केली. संध्याकाळी पाच वाजता बेसा रोडच्या बंगल्याची पार्टी येणार होती, तळमजला आणि पहिला मजला दोन्ही द्यायचे होते, आणि जिना अजून हवेत होता.

जेवणाच्या टेबलाजवळ एक खुर्ची काढली. आता तिच्या पाच नकला. खुर्ची निवडली, सी, स्पेस. पडद्यानं मला गोलाचा मध्यबिंदू विचारला. मी बोटांच्या वेगानं पुढे गेलेलो, तोवर दोन क्लिक झालेही होते. डायनिंगमध्ये एवढा मोठा गोल पडला की टेबल, खुर्च्या आणि निम्मं स्वयंपाकघर त्यात आलं. पुसला. पुन्हा सी. पुन्हा गोल. बेसा रोडवर सर्कस उतरल्यासारखा तळमजला दिसायला लागला.

"काका, तुमची शॉर्टकटची फाइल नवीन व्हर्जनमध्ये आली नाही वाटतं," ज्युनियर म्हणाली.

"काऊन नाही आली?"

"आपण आणली नाही म्हणून."

तिच्या या बोलण्यात तथ्य होतं, म्हणून मला ते आवडलं नाही. पाच वाजेपर्यंत सीओ लिहीन, असं ठरवून मी जिन्याकडे वळलो.

जुन्या ट्रिमची एक रीत होती. आधी दाखवायचं, कुठवर कापायचं. मग स्पेस. मग दाखवायचं, काय कापायचं. शिंपी आधी खडू मारतो आणि मग कात्री लावतो, तसं. नव्या ट्रिममधून खडू काढून टाकलाय. टीआर, स्पेस केलं की कात्री उघडीच असते, ज्याला बोट लागेल ते तुटतं. मी रीतीप्रमाणे जिन्याची भिंत सीमा म्हणून दाखवली, तर ती बिचारी भिंतच कापली गेली. सवयीनं स्पेस दाबला, तर कमांड संपली. पुन्हा टीआर केलं आणि कठड्याच्या रेघेला हात लावला. तिला कुठेच कोणी छेदत नव्हतं, म्हणजे कापायला जागा नव्हती. अशा वेळी हा नवा ट्रिम काय करतो? रेघ अख्खी उडवतो. कापता येत नाही ना, मग ठेवायची तरी कशाला!

दहा मिनिटांत जिन्याला पायऱ्या होत्या, भिंत अर्धी होती आणि कठडा नव्हता. अकरा पायऱ्या चढून माणूस थेट हॉलमध्ये पडला असता.

आयटीआयला आम्ही शिकलो ते ट्रेसिंग पेपरवर. कूलर लावला की दमट हवेनं कागद फुगायचा, पंखा लावला की उडायचा, आणि दोन्ही बंद केले की कोपरावरून ओघळलेला घाम नेमका शाईच्या रेघेवर पडायचा. तेव्हाचा ट्रिम म्हणजे दाढीचं अर्धं ब्लेड. चुकलेली रेघ हलक्या हातानं खरवडायची, वरून नख घासून कागद गुळगुळीत करायचा. जास्त खरवडलं तर भोक पडे, नाही असं नाही. पण ब्लेड कधी स्वतःहून शेजारच्या रेघेवर गेलं नाही.

हे मी जरा मोठ्यानंच बोललो असेन, कारण सर केबिनमधून बाहेर आले. सरांना तर्री पोहे आणि इतिहास या दोन गोष्टी वेळीअवेळी चालतात. ते म्हणाले, "अरे, हे आजचं नाही. १९६३ साली एमआयटीत आयव्हन सदरलँड नावाच्या माणसानं पीएचडीसाठी स्केचपॅड केलं. पडद्यावर लाइट पेननं रेघा मारायच्या. चौकट वाकडीतिकडी काढली तरी त्याला सांगितलं की या रेघा समांतर कर, तर तो करून द्यायचा. मशीननं मदत करावी ही कल्पना पहिल्या दिवसापासूनची आहे."

"पण सर, तो सांगितल्यावर करायचा ना?"

सरांनी थोडा विचार केला आणि पोहे सांगायला गेले.

मध्ये आणखी एक प्रकार झाला. पूर्वी रिकाम्या जागी एक क्लिक, समोरच्या कोपऱ्यात दुसरं क्लिक, की वस्तू निवडायची चौकट तयार. आताही तसं करता येतं, पण क्लिक करून बोट लगेच उचललं तरच. बटन दाबलेलं राहिलं की चौकटीऐवजी एक फास सुटतो आणि माउस नेऊ तिकडे अमिबासारखा पसरतो. पन्नाशीनंतर माझं बोट बटनावरून जरा सावकाश उठतं. त्यामुळे सोफा पकडायला गेलो की सोफा, तुळशी वृंदावन आणि पोर्चमधली गाडी अशी वरात हाती लागायची. ज्युनियर म्हणाली, ही सोय आहे. असेल.

आता कमोडची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय सुटका नाही, कारण ऑफिसात सगळ्यांनी सांगून झाली आहे.

ब्लॉक म्हणजे एकदा काढून ठेवलेली वस्तू. दार, पलंग, बेसिन, कमोड. लागेल तेव्हा उचलायची आणि ठेवायची. नव्या व्हर्जनमध्ये याला अक्कल फुटली आहे. ही वस्तू तुम्ही आधी कुठे ठेवली होती, कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या भिंतीला टेकवून, ते तो ध्यानात ठेवतो. मग पुढच्या वेळी तशीच जागा दिसली की वस्तू आपणहून वळते, भिंतीला चिकटते आणि तुमच्या क्लिकची वाट बघत उभी राहते.

तळमजल्याच्या टॉयलेटमध्ये मी कमोड रीतसर ठेवला. पहिल्या मजल्याचा नकाशा त्याच कागदावर उजवीकडे होता. दुसरा कमोड उचलून मी तिकडे निघालो, तर वाटेत देवघर लागलं. छोटी खोली, दोन भिंती, एक कोपरा. प्रोग्रामला त्यात टॉयलेटची खूण पटली. कमोड सर्रकन वळला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. त्याच क्षणी सरांनी आतून "झालं का?" म्हणून हाक मारली आणि माझं बोट पडलं. मला वाटलं क्लिक वाया गेलं. वरच्या टॉयलेटमध्ये दुसरा ठेवला, प्रिंट काढला आणि पाणी प्यायलो.

पाचला पार्टी आली. नवरा, बायको आणि नवऱ्याची आई. नवरा-बायको पार्किंगवर भांडत होते, आजी मात्र नकाशा वाचत होत्या. ज्यांना नकाशा वाचता येतो असं वाटत नाही, त्यांनाच तो नेमका वाचता येतो. आजींनी चष्मा खाली ओढला.

"ईशान्येला काय आहे?"

"देवघर आहे, आई."

"मंग देवघरात हे काय होय?"

सगळे वाकले. मीही वाकलो, म्हणजे आधी बघायला आणि मग लाजेनं. एक लंबगोल, त्याच्या मागे एक आयत, बरोब्बर ईशान्य कोपऱ्यात. प्रोग्रामनं काम सुबक केलं होतं, भिंतीपासून एक मिलिमीटर सुद्धा इकडेतिकडे नाही.

सर माणूस हजरजबाबी. म्हणाले, "आसन आहे, आजी. बसायचं."

आजींनी त्यांच्याकडे बघितलं, मग कागदाकडे बघितलं.

"आसनाला पाण्याची टाकी कायले लावली मंग?"

पुढच्या दोन मिनिटांत कूलर किती आवाज करतो ते मला पहिल्यांदा कळलं.

पार्टी गेली नाही, हे आजींचे उपकार. सुनेनं तोंडाला पदर लावला होता आणि तिचे खांदे हलत होते, त्यामुळे वातावरण जरा निवळलं असावं. जाताना आजी मला म्हणाल्या, "भाऊ, घरी जाऊन झोपा थोडं."

ते गेल्यावर स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून फोन आला, फाइल उघडून नाही राहिली, जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून पाठवा. पाठवली. मग ज्युनियरनं माझी खुर्ची सरकवली आणि ट्रिमएक्स्टेंडमोड असं एक मालगाडीएवढं नाव लिहून पुढे शून्य टाकलं. "आता करा टीआर." केलं. त्यानं विचारलं, कुठवर कापायचं? मला भरून आलं. झिरो माइलच्या गावात राहून शून्याची एवढी किंमत मला आधी ठाऊक नव्हती. जुनी शॉर्टकटची फाइलही तिनं जुन्या फोल्डरमधून शोधून जागेवर बसवली. सी लिहिलं, स्पेस, कॉपी आली. घरी गेलो आणि आजींनी सांगितल्याप्रमाणे झोपलो.

मंगळवारी तिचं मशीन बंद पडलं म्हणून ती माझ्या मशीनवर बसली. ड्रेनेजचं ड्रॉइंग होतं, सगळे मॅनहोल काढायचे होते, म्हणजे गोलच गोल. मी बाजूला ट्रेसिंगच्या जुन्या गुंडाळ्या आवरत होतो. थोड्या वेळानं कीबोर्ड जरा जोरात वाजायला लागला.

"काका, मी सर्कल काढून राहिली तर हे सारखं काय कॉपी करू म्हणून विचारून राहिलं?"

"नवीन फीचर आहे," मी म्हटलं. "सोपं आहे."