आई नोकरी करते म्हणून पोरं पाकिटं फोडतात?

"आई नोकरीला जाते म्हणून पोरं पाकिटांवर वाढतात. आजीच्या काळी घरचा खाऊ होता. शिकलेल्या, खात्यापित्या घरांत असलं चालत नाही." हा मेसेज आठवड्यात चौथ्यांदा आला. माझं किराणा दुकान हायस्कूलजवळ आहे. पाच-दहाच्या पाकिटांवरच विजेचं बिल निघतं, त्यामुळे साधूपणाचा आव आणत नाही. पण गल्ल्यावरून दिसतं ते वेगळंच.

आधी आई. साडेपाचला, क्लासच्या आधी, नववीतला एक मुलगा दहाचं नाणं ठेवतो आणि लडीतलं मसालेदार वेफर्सचं पाकीट स्वतःच ओढून घेतो. त्याची आई दिवसभर घरीच असते; नाणं तिनंच दिलेलं असतं. आठ वाजता तोच परत येतो, या वेळी वडिलांच्या चखण्याला शेव आणि खारे शेंगदाणे न्यायला. ती बशी टीव्हीसमोर येणार, आणि पोराचा हात त्यात जाणारच. मेसेजमध्ये बाप औषधालाही नाही. (मला तो पाठवणाऱ्यांत हे गृहस्थही आहेत.)

आजीचा खाऊ? चकली, शेव, कडबोळी, सगळं तळलेलंच की! फक्त ते दिवाळीत व्हायचं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत डबे रिकामे. माझ्याकडची लडी बारा महिने लटकते.

खात्यापित्या घरांतली मुलं दुकानात कमी दिसतात, हे खरं. कारण महिन्याच्या यादीतच फॅमिली पॅक, नूडल्स आणि 'पौष्टिक' बिस्किटं असतात. त्या पुड्यामागची साखर वाचायची तसदी कोण घेतो?

उरलेल्या घरांचं दुखणं शिक्षणापेक्षा पैशाचं. सरकारी शाळेतली खिचडी आठवीपर्यंतच मिळते. नववीला ताट बंद, आणि भूक तर नेमकी त्याच वयात वाढते. सकाळी सातला घराबाहेर पडलेल्या पोराच्या खिशात पाच रुपये असतील तर तो काय घेणार? नियम म्हणाल तर आहेत. २०१७ मध्ये राज्य सरकारनं शाळांच्या उपाहारगृहांतून असले जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ काढायला सांगितले. २०२०च्या केंद्राच्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत ते विकायचे नाहीत. माझं दुकान त्यापुढे आहे, टेप लावून मोजलंय. पाच रुपयांत माझ्याकडे एक केळंही मिळतं, पण संध्याकाळपर्यंत ते काळं पडलेलं असतं. पाकीट काळं पडत नाही.